क्षणजीवी अणूंची भट्टी

किरणोत्सारी आयनांची शलाका मिळवण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. पहिल्या रीतीत वेगवान जड आयन पातळ लक्ष्यातून जाताना फुटतात आणि त्यांचे तुकडे जवळजवळ त्याच वेगाने पुढे निघतात. जपानमधील रिकेन आणि अमेरिकेतील मिशिगनमधले फ्रिब ही केंद्रे या रीतीने चालतात. तिथे लक्ष्याची मोठी अडचण उष्णतेची असते, म्हणून लक्ष्याची चकती सतत फिरती ठेवतात. दुसऱ्या रीतीला ‘आयसॉल’ म्हणतात. तिच्यात प्रोटॉनांसारखे हलके कण जाड लक्ष्यावर आदळतात, नवे अणू लक्ष्याच्या आतच अडकतात आणि तिथून त्यांना उष्णतेने बाहेर काढावे लागते. बाहेर आलेल्या अणूंचे आयन करून त्यांना विद्युतदाबाने गती देतात आणि चुंबकाच्या साहाय्याने वस्तुमानानुसार निवडतात. लक्ष्य घडवणाऱ्यांचा खरा कस लागतो तो या दुसऱ्या रीतीत.

तिचा पहिला प्रयोग 1951 मध्ये कोपनहेगन येथे झाला. ओटो कोफोड-हान्सेन आणि कार्ल ओवे नील्सन यांनी सायक्लोट्रॉनच्या साहाय्याने न्यूट्रॉन निर्माण केले आणि त्यांचा मारा युरेनियम ऑक्साइडवर केला. ऑक्साइडात त्यांनी बेकिंग पावडर मिसळली होती. तिच्यातून सुटणारा वायू विखंडनात तयार झालेले क्रिप्टॉनचे समस्थानिक सोबत घेऊन बाहेर येत असे. अणू तयार करण्याइतकेच त्याला बाहेर आणण्याचे साधनही लक्ष्यातच असावे लागते, हे या पहिल्याच प्रयोगात ठरून गेले.

जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेतील आयसोल्ड हे केंद्र 1967 पासून चालू आहे. 1992 पासून त्याला तिथल्या बूस्टर सिंक्रोट्रॉनमधून प्रोटॉन मिळतात. त्यांची ऊर्जा 1.4 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि सरासरी प्रवाह जास्तीत जास्त सुमारे 2 मायक्रोअँपिअर असतो. लक्ष्य ठेवण्याचे पात्र म्हणजे सुमारे 20 सेंटिमीटर लांब व 2 सेंटिमीटर व्यासाची टँटलमची नळी. तिच्यात बहुधा युरेनियम कार्बाइडच्या छोट्या चकत्या रचतात आणि ती सुमारे 2000 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात.

इथे दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. अणू जास्त हवे असतील तर लक्ष्य जाड आणि घन हवे. ते लवकर सुटायला हवे असतील तर विरळ, सच्छिद्र आणि पातळ कणांचे हवे. लिथियम-11 चे अर्धायुष्य सुमारे 9 मिलिसेकंद आहे. बाहेर पडायला दहा अर्धायुष्ये, म्हणजे जेमतेम 90 मिलिसेकंद लागले, तरी हजारातला एखादाच अणू शिल्लक राहतो. त्यामुळे आत किती अणू जन्मले या आकड्याला एकट्याने फारसा अर्थ उरत नाही.

या विलंबाचे दोन टप्पे आहेत. पहिला टप्पा घन कणाच्या आतून पृष्ठभागापर्यंतच्या विसरणाचा. त्याला लागणारा काळ कणाच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी निम्मी केली की काळ चौथाईवर येतो. लिथियम-11 साठी टँटलमचे अतिशय पातळ पत्रे वापरतात ते यासाठीच. दुसरा टप्पा पोकळीतून आयनस्रोतापर्यंतच्या वाटचालीचा. या वाटेत अणू असंख्य वेळा भिंतींवर आदळतो आणि दर वेळी थोडा काळ तिथे चिकटून राहतो. हा काळ अधिशोषण-ऊर्जा आणि तापमान यांच्या गुणोत्तराने घातांकी बदलतो. म्हणून वाटेतला एखादा थंड कोपरा सगळी मेहनत वाया घालवू शकतो.

मग तापमान आणखी वाढवावे, असे वाटेल. पण त्यालाही मर्यादा आहे. उच्च तापमानात सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, छिद्रे बुजतात आणि दिवसागणिक उत्पादन घटते. आयसोल्डमध्ये कॅल्शियम ऑक्साइडची नॅनोरचना तुलनेने कमी तापमानात वापरली, तेव्हा अर्गॉनच्या शलाका अधिक काळ स्थिर राहिल्या. कार्बनच्या नॅनोनळ्यांच्या जाळीने युरेनियम कार्बाइडचे कण वेगळे ठेवण्याचे प्रयत्नही झाले आहेत. त्वरकाची शक्ती वाढवण्यापेक्षा अशा पदार्थसंशोधनातून मिळणारा लाभ अनेकदा मोठा असतो. तरी या कामाला त्वरकाइतकी प्रसिद्धी मिळत नाही, ही खेदाची बाब आहे.

बाहेर पडण्यात रसायनाचा वाटा मोठा आहे. टंगस्टन, मॉलिब्डेनम, झिर्कोनियम ही मूलद्रव्ये इतक्या तापमानालाही जवळजवळ उडत नाहीत. काही अणूंना संयुगाच्या रूपाने बाहेर काढावे लागते: कार्बन कार्बन मोनॉक्साइड होऊन येतो, बोरॉन फ्लोराइड होऊन. कधी नको असलेला अणूच जास्त येतो. जस्त-80 च्या शलाकेत रुबिडियम-80 ची भेसळ होते, कारण दोघांचे वस्तुमान जवळजवळ सारखे आहे. त्यावर दोन तोडगे एकत्र वापरतात. प्रोटॉन थेट युरेनियमवर न सोडता शेजारच्या टंगस्टनच्या कांडीवर सोडले, की त्यातून निघालेले न्यूट्रॉन विखंडन घडवतात आणि रुबिडियमचे ते समस्थानिक मुळातच कमी तयार होतात. वाटेतली क्वार्ट्झची नळी उरलेल्या रुबिडियमला अडवते आणि जस्ताला जाऊ देते. त्यानंतर नेमक्या रंगांचे लेसर हव्या त्याच मूलद्रव्याचे आयन करतात.

प्रवाह वाढला की उष्णता काढण्याचा प्रश्न पुढे येतो. कॅनडातील ट्रायम्फ केंद्रात 500 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या प्रोटॉनांचा प्रवाह 100 मायक्रोअँपिअरपर्यंत जातो. ही 50 किलोवॉटची शलाका झाली. तिथे पात्राला बाहेरून पंख जोडून उत्सर्जनाने उष्णता घालवतात. इटलीतील लेन्यारो येथील स्पेस प्रकल्पाने वेगळी वाट धरली: युरेनियम कार्बाइडच्या सात पातळ चकत्या अंतर राखून एका रांगेत ठेवल्या, की प्रत्येकीला उष्णता सोडायला मोकळा पृष्ठभाग मिळतो. आपल्याकडे कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरने लक्ष्यातून उडालेले अणू वायूच्या झोतावर स्वार करून केशनळीतून आयनस्रोतापर्यंत नेण्याची पद्धत वापरली आहे.

वापर संपल्यावरही लक्ष्याचे काम संपत नाही. त्यात भरपूर किरणोत्सार असतो. शिवाय युरेनियम कार्बाइड हवेशी संपर्क येताच पेट घेऊ शकते, म्हणून ते निष्क्रिय वायूत ठेवून अखेर स्थिर ऑक्साइडमध्ये बदलावे लागते. आयसोल्डमध्ये लक्ष्ये बसवण्याचे व काढण्याचे काम यंत्रमानव करतात. त्यामुळे प्रत्येक जोडणी, झडप आणि तार दुरून हाताळता येईल अशीच आखावी लागते. तिथेच 2017 पासून मेडिसिस केंद्रही चालू आहे. मुख्य लक्ष्यातून पार गेलेल्या प्रोटॉनांचा मारा तिथे दुसऱ्या लक्ष्यावर होतो आणि टर्बियमसारखे समस्थानिक वेगळे करून ते वैद्यकीय संशोधनासाठी दिले जातात.