कुत्र्याच्या खाद्याचं पाकीट कसं पारखायचं?

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. पण गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकीत हा प्रश्न मला तीन-चार वेळा विचारला गेला, तोही वेगवेगळ्या गावांत. शेळ्या राखायला, वस्तीवर राहायला आपल्याकडे कुत्रं असतंच. आता किराणा दुकानात बिस्किटांच्या शेजारी कुत्र्याच्या खाद्याची पाकिटं टांगलेली दिसतात. मुलं हट्ट करतात, शहरातून आलेला भाऊ एखादं पाकीट ठेवून जातो. आणि एका गटाच्या दुकानात तर विक्रेता थेट वीस किलोचं पोतं घेऊन आला, ‘सुटं विका, मार्जिन चांगलं आहे’ म्हणाला. त्या गटातल्या ताईंनी विचारलं, हे ठेवावं का? चांगलं-वाईट ओळखायचं कसं?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. आपण दिवसभरात भाकरी, भाजी, आमटी, भात असं वेगवेगळं खातो. एखादा जिन्नस खराब निघाला तरी पोटात जाऊन जाऊन थोडाच जातो. पाकिटाच्या खाद्यावरचं कुत्रं मात्र सकाळ-संध्याकाळ, महिनोन्‌महिने त्याच पोत्यातलं खातं. त्यात काही कमी असेल तर रोज कमी पडतं. काही विषारी असेल तर तेही रोज पोटात जातं. आणि आपण नेहमी ज्यावर विसंबतो, तो एफएसएसएआयचा शिक्का इथे कामाचा नाही. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात ‘अन्न’ कशाला म्हणायचं ते सांगताना जनावरांचं खाद्य बाहेरच ठेवलंय. म्हणून पाकीट आपल्यालाच वाचावं लागतं. बहुतेक मजकूर इंग्रजीत असतो, तेव्हा शाळेत जाणाऱ्या लेकीला शेजारी बसवा.

पाकिटावर पुढच्या बाजूला चित्र असतं ते सोडून द्या. मागे बघा. ‘कम्प्लीट’ असं लिहिलेलं असेल तर त्यावर कुत्र्याचं पूर्ण पोषण होईल असा कंपनीचा दावा आहे. ‘ट्रीट’ किंवा ‘स्नॅक’ असेल तर तो खाऊ. खाऊवर कुत्रं सांभाळायचं नसतं. पिल्लासाठी आहे की मोठ्या कुत्र्यासाठी, हेही लिहिलेलं असतं. पिल्लाला आणि व्यायलेल्या कुत्रीला जास्त कसदार लागतं.

मग घटकांची यादी. चांगल्या लेबलवर ज्याचं वजन सगळ्यात जास्त, ते पहिलं लिहितात. मका, गहू, तांदळाचा कोंडा पहिल्या दोन-तीन जागी आले, तर ते मुख्यतः धान्याचं खाद्य आहे. त्यात लगेच वाईट काही नाही, कुत्र्याला शिजलेलं धान्य पचतं. पण मग मांसाच्या चित्राचे पैसे देऊ नका. ‘चिकन फ्लेवर’ म्हणजे चिकनची चव, चिकन नव्हे. आणि ताजं चिकन पहिलं लिहिलं असेल तरी लक्षात ठेवा, ताज्या मांसात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. वजन केलं तेव्हा ते जड होतं, वाळल्यावर थोडंच उरतं.

आता आकडे. प्रथिनं कमीत कमी इतके टक्के, स्निग्ध पदार्थ कमीत कमी इतके, तंतू आणि ओलावा जास्तीत जास्त इतके, असं छापलेलं असतं. समजा एका कोरड्या पाकिटावर प्रथिनं 20 टक्के आणि ओलावा 10 टक्के आहे. म्हणजे शंभर ग्रॅममध्ये कोरडा माल 90 ग्रॅम, त्यात 20 ग्रॅम प्रथिनं. भागाकार केला की 22 टक्के येतात. दुसरीकडे रश्श्याच्या छोट्या पाउचवर फक्त 8 टक्के प्रथिनं दिसतात, पण त्यात 80 टक्के पाणी असतं. कोरडा माल 20 ग्रॅम, त्यात 8 ग्रॅम, म्हणजे 40 टक्के. पाणी वजा केल्याशिवाय दोन पाकिटांची तुलना करू नका. अमेरिकेत जे प्रमाण धरतात त्यात पाणी वगळून मोठ्या कुत्र्याला किमान 18 टक्के आणि पिल्लाला साडेबावीस टक्के प्रथिनं लागतात. आपल्याला तेवढा अंदाज पुरेसा आहे.

पण हा आकडासुद्धा फसवू शकतो, आणि ते कसं हे कळायलाच हवं. प्रयोगशाळेत नेहमीच्या तपासणीत प्रथिनं थेट मोजत नाहीत. नत्र मोजतात आणि त्याला सव्वासहानं गुणतात. नत्र म्हटलं की आपल्याला युरियाचं पोतं आठवतं, त्यात 46 टक्के नत्र असतं. मेलामाइन नावाच्या, प्लास्टिकच्या कामात वापरल्या जाणाऱ्या रसायनात तर 66 टक्के असतं. गव्हाच्या प्रथिनाच्या पुडीत किलोभर मेलामाइन मिसळलं, तर तपासणीत चार किलो प्रथिनं वाढल्यासारखी दिसतात. 2007 साली नेमकं हेच झालं. चीनमधून आलेला असा भेसळीचा माल उत्तर अमेरिकेतल्या कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात गेला, जनावरांच्या मूत्रपिंडात खडे होऊन ती मेली. मार्च महिन्यात मेनू फूड्स या कंपनीला सुमारे सहा कोटी डबे आणि पाउच परत मागवावे लागले. त्यात महाग ब्रँड होते, स्वस्तही होते, कारण सगळ्यांचा माल त्याच कंपनीच्या कारखान्यांत बनत होता. पुढच्याच वर्षी चीनमध्ये तीच भेसळ बाळांच्या दूध पावडरमध्ये सापडली. सहा बाळं दगावली, तीन लाखांच्या आसपास आजारी पडली. तेव्हा ‘कुत्र्याचंच तर खाणं’ म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही.

म्हणून पाकिटावर ‘विक्री कोणाची’ याबरोबर ‘बनवलं कोणी आणि कुठे’ हे शोधा. कारखान्याचा पत्ता, बॅच नंबर, बनवल्याची तारीख आणि मुदत, या चारपैकी एकही नसेल तर ते पाकीट घेऊ नका. माझं मत विचाराल तर प्रथिनांच्या आकड्यापेक्षा बॅच नंबर महत्त्वाचा. माल परत मागवायची वेळ आली तर तोच एक धागा हातात असतो.

दुसरा धोका आपल्या ओळखीचा आहे, बुरशी. मका आणि शेंगदाणा ओला राहिला की त्यावर जी पिवळट-हिरवी बुरशी येते, ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते शिजवल्यानं जात नाही आणि डोळ्यांना दिसतही नाही. 2020 च्या डिसेंबरात अमेरिकेत एका कंपनीचं मक्याचं खाद्य यामुळे परत घ्यावं लागलं. जानेवारीपर्यंत 110 हून जास्त कुत्री मेल्याची नोंद तिथल्या सरकारी यंत्रणेकडे झाली होती. हे विष यकृतावर जातं. कुत्रं खायचं बंद करतं, मलूल होतं, उलट्या करतं, डोळे आणि हिरड्या पिवळ्या पडतात. आता घरचं बघा. बुरा आलेली भाकरी, बुरशीची पेंड आपण ‘कुत्र्याला चालतं’ म्हणून टाकतो. ते चालत नाही. पाकीट सोडून घरचंच घालत असाल तरी हे पाळा, आणि कांदा-लसणाची आमटी, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट यांपासून कुत्र्याला लांब ठेवा.

आता त्या वीस किलोच्या पोत्याकडे येऊ. गटाच्या दुकानात सुटं खाद्य ठेवू नये, असं मी त्या ताईंना सांगितलं. पोतं फोडलं की चरबीला हवा लागते आणि माल खवट होतो. पावसाळ्यात ओल धरतो, उंदीर लागतात. आणि पुडीत बांधून दिलं की बॅच नंबर गेला, मुदत गेली. उद्या कोणाचं कुत्रं आजारी पडलं तर नाव गटाचं येणार. ठेवायचंच असेल तर छोटी, बंद पाकिटं ठेवा, बिल घेऊन. वहीत बॅच नंबर लिहा. जुना माल पुढे, नवा मागे. घरी नेल्यावर खाद्य डब्यात ओतू नका, पाकिटासकट डब्यात ठेवा. वाटी रोज धुवा आणि खाद्याला हात लावल्यावर साबणानं हात धुवा. लहान मुलांच्या बाबतीत तर नक्कीच, कारण कोरड्या दाण्यांतही साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. 2012 मध्ये अशा खाद्यामुळे अमेरिका आणि कॅनडात 49 माणसं आजारी पडली होती.

नवं खाद्य एकदम सुरू करू नका. आठवडाभर जुन्यात मिसळून थोडं थोडं वाढवा, नाहीतर साध्या हगवणीलाच आपण विषबाधा समजू. पण उलट्या थांबत नसतील किंवा डोळे पिवळे दिसले, तर खाद्य लगेच बंद करा आणि कुत्र्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. जाताना उरलेलं खाद्य आणि पाकीट सोबत घ्या, फेकू नका. बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवता येते. तिथे ब्रँडचं नाव, बॅच नंबर आणि खरेदीची तारीख सांगा.