तीन पानांची वेल आणि आपला बिब्बा

अमेरिकेतील शाळांची मुले रानात सहलीला निघाली, की शिक्षक त्यांना एक गोष्ट बजावून सांगतात: एका देठावर तीन पाने दिसली, तर त्या झाडाला हात लावू नका. हा इशारा ‘पॉयझन आयव्ही’ आणि ‘पॉयझन ओक’ या दोन वनस्पतींसाठी असतो. दोन्ही नावे फसवी आहेत. पहिली खरी आयव्ही नव्हे आणि दुसरीचा ओक वृक्षाशी काही संबंध नाही. १६२४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कॅप्टन जॉन स्मिथ या इंग्रज प्रवाशाने पहिलीचे वर्णन करताना तिचा आकार इंग्लंडातील आयव्हीसारखा असल्याचे लिहिले, आणि ते नाव तिला चिकटले. दुसरीची पाने ओकच्या पानांसारखी कातरलेली दिसतात, एवढेच.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या दोन्ही वनस्पती आम्रकुलातल्या आहेत. म्हणजे आपला आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या त्या नातलग होत. बिब्बा उतला म्हणजे काय होते हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. रस लागलेल्या जागी खाज सुटते, कातडी लाल होते, सुजते आणि पाण्याने भरलेले फोड येतात. पॉयझन आयव्हीने नेमके हेच होते.

हा विकार कशाने होतो?

या वनस्पतींच्या पानांत, खोडात आणि मुळांत एक तेलकट द्रव्य असते. त्याचे नाव उरुशिऑल. जपानात ज्या झाडाच्या चिकापासून भांड्यांना चकचकीत रोगण देतात, त्या चिकाला ‘उरुशी’ म्हणतात. त्यावरून हे नाव पडले. पान चुरगळले किंवा फांदी मोडली, की तेल बाहेर येते. मिठाच्या कणापेक्षाही कमी तेल बहुतेक माणसांना पुरते. वाळलेल्या वेलीतही ते टिकून राहते. त्यामुळे हिवाळ्यात पाने गळून गेलेली वेलही निर्धोक नसते.

मात्र हे तेल आम्लासारखे कातडी जाळत नाही. ते कातडीत शिरते आणि तिथल्या प्रथिनांना जाऊन चिकटते. चिकटल्यावर ती प्रथिने शरीराला परकी वाटू लागतात. रक्तातील टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी हा बदल ओळखतात आणि त्या जागेवर हल्ला चढवतात. फोड येतात ते या हल्ल्यामुळे. याला ॲलर्जी, म्हणजेच अधिहर्षता म्हणतात.

पहिल्या वेळी तेल लागले तर पुष्कळदा काहीच दिसत नाही, कारण शरीराची त्या द्रव्याशी ओळख व्हायला दिवस लागतात. पुढच्या वेळी मात्र साधारण एक ते दोन दिवसांत पुरळ उठते आणि दोन-तीन आठवडे राहू शकते. म्हणून ‘मागे हात लावला होता, मला काही झाले नाही’ असे म्हणून निर्धास्त राहणे चुकीचे आहे.

धोब्याची खूण

बिब्ब्याच्या तेलाची रचना उरुशिऑलशी इतकी जुळती आहे, की एकाशी ओळख झालेले शरीर दुसऱ्यालाही ओळखते. याचा पुरावा दुसऱ्या महायुद्धात मिळाला. भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर खाजरे चट्टे उठू लागले. आपले धोबी कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने खुणा करीत. ही खूण जेथे अंगाला लागे, नेमका तेथेच चट्टा येई. डॉक्टरांनी १९४३ साली या विकाराचे वर्णन ‘धोब्याच्या खुणेचा त्वचादाह’ अशा नावाने प्रसिद्ध केले.

काजूच्या टरफलातही असेच तेल असते. १९८२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात विकलेल्या काजूगरांत टरफलाचे तुकडे राहिले होते. ते खाणाऱ्या पन्नासांहून अधिक लोकांना पॉयझन आयव्हीसारखे पुरळ उठले. आपल्याकडे विदर्भात बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या आणि कोकणात काजू सोलणाऱ्या स्त्रियांच्या हातांना या तेलांचा त्रास रोज सोसावा लागतो.

तेल लागले तर काय करावे?

येथे वेळेला फार महत्त्व आहे. तेल कातडीत मुरायला काही मिनिटेच लागतात. म्हणून शक्य तर पहिल्या दहा मिनिटांत ती जागा साबणाने आणि भरपूर थंड पाण्याने धुवावी. नखांखाली तेल राहते, तेही साफ करावे. उशीर झाला असला तरी धुवावेच. निदान तेल दुसरीकडे पसरत नाही. कपडे, बूट, कोयते व दोर हेही धुवावेत, कारण त्यांवर तेल फार काळ टिकते. कुत्र्याच्या केसांवरचे तेलही माणसाला लागू शकते.

निव्वळ पाणी का पुरत नाही, हे घरी पाहता येईल. गोडेतेलात हळद कालवून ते दोन्ही हातांच्या पाठीवर लावा. दहा मिनिटांनी एक हात नुसत्या पाण्याने धुवा आणि दुसरा साबणाने चोळून धुवा. दोन्ही हात पांढऱ्या कागदाने टिपा आणि डागांची तुलना करा. या प्रयोगासाठी बिब्बा मात्र कधीही वापरू नका.

पुरळ उठलेच, तर थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात आणि कॅलामाइन लावावे. खाजवू नये, फोड फोडू नयेत. फोडातल्या पाण्याने पुरळ पसरते असा समज आहे, पण तो खरा नाही. त्या पाण्यात उरुशिऑल नसतेच. जेथे तेल कमी लागले किंवा कातडी जाड असते, तेथे पुरळ उशिरा उठते. त्यामुळे ते पसरल्यासारखे वाटते. चेहरा, डोळे वा शरीराचा मोठा भाग सुजला, किंवा फोडांत पू झाला, तर डॉक्टरांकडे जावे.

सर्वांत मोठा धोका ही झाडे जाळण्यात आहे. धुराबरोबर तेलाचे सूक्ष्म थेंब उडतात आणि श्वासावाटे थेट घशात व फुप्फुसांत जातात. कातडीवरचे फोड काही आठवड्यांत बरे होतात, पण फुप्फुसांना आलेली सूज जिवावर बेतू शकते.

पुढील काळात हा त्रास वाढण्याचीही चिन्हे आहेत. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या वनात जास्त कार्बन डाय-ऑक्साइड सोडून पॉयझन आयव्ही वाढवण्यात आली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ती वेल अधिक जोमाने वाढली आणि तिचे उरुशिऑलही अधिक तीव्र झाले. तेव्हा झाडे ओळखायला शिकणे हाच उत्तम उपाय. पुढच्या सहलीत शिक्षकांकडून बिब्ब्याचे झाड अवश्य ओळखून घ्या, पण लांबूनच!