मे महिन्यात गाडी घेऊन दक्षिणेत जायचंय? आधी उन्हाचा नकाशा काढा

"मे महिन्यात गाडीने दक्षिणेत जाणं म्हणजे वेडेपणाच ना?" हा प्रश्न इतक्यांदा आलाय, की आज त्यावरच बोलू. वेडेपणा अजिबात नाही. पण नुसते किलोमीटर मोजून प्लॅन केलात, तर अर्धी ट्रिप हॉटेलच्या खोलीत एसी लावून झोपण्यात जाते.

गेल्या मे महिन्यात मी आई-बाबांना घेऊन पुण्याहून विजापूर, हंपी, म्हैसूर करत तंजावरला गेलो. बाबांना बीपीची गोळी चालू आहे. काही बीपीच्या गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्यात घाम, म्हणजे शरीरातलं पाणी दोन्हीकडून जातं. घरात कोणी अशी गोळी घेत असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना नक्की विचारा. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. ही गोष्ट हॉटेल बुकिंगच्याही आधी.

आता मुख्य मुद्दा, दगड. दक्षिणेत आपण जे बघायला जातो ते बहुतेक दगडाचं आहे, आणि दगड म्हणजे भलीमोठी बॅटरी. दिवसभर उष्णता साठवतो आणि संध्याकाळी हळूहळू सोडतो. म्हणून हंपीत पाच वाजता हवा जरा बरी वाटते, पण आजूबाजूच्या ग्रॅनाइटच्या शिळा तव्यासारख्या तापलेल्याच असतात. रात्रभर थंड होऊन पहाटे त्या खऱ्या निवतात. सगळे रील्स तुम्हाला हंपीचा सूर्यास्त दाखवतील. माझं म्हणणं, घरातले ज्येष्ठ सोबत असतील तर सूर्योदय पकडा. आम्ही पहाटे हेमकूट टेकडीवर होतो. खाली विरुपाक्षाचं गोपुर, आणि दगडावर आरामात बसता येत होतं! दगडी रथ ज्या विठ्ठल मंदिरात आहे, तिथे मात्र तिकीट आणि ठरलेल्या वेळा आहेत, शेवटचा टप्पा बॅटरीच्या गाडीने. ते उघडल्या उघडल्या करून टाका आणि अकराच्या आत परत या.

विजापूरचा गोल घुमट त्या मानाने सोपा, कारण बरंचसं बघणं छताखाली आहे. मोहम्मद आदिलशहाची ही कबर, घुमटाचा बाहेरचा व्यास जवळपास ४४ मीटर. वरच्या गॅलरीत एका टोकाला कुजबुजलं तर आवाज गोल भिंतीला चिकटून सरकत पलीकडे पोचतो. फक्त सकाळी लवकर जा, कारण एकदा गर्दी झाली की प्रत्येकजण वर शिट्ट्या मारतो आणि कुजबुज-बिजबुज काही ऐकू येत नाही. वर जायला कोपऱ्यातल्या मनोऱ्याचे बरेच जिने आहेत. बाबा खालीच थांबले, आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

ड्रायव्हिंगचं काय? "रात्री दोनला निघू, ऊन लागायच्या आत पोचू" हा आपला लाडका प्लॅन मला पटत नाही. दोन ते पाच ही शरीराची सगळ्यात गाढ झोपेची वेळ. पुरेशी झोप काढून पाचला निघा, अकरा-साडेअकरापर्यंत गाडी चालवा, बास. पुणे ते विजापूर सोलापूरमार्गे साधारण ३५० किलोमीटर, ते यात बसतं. पुढे होस्पेट साधारण २००. टायरची हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासा. तापल्यावर प्रेशर वाढलेलं दिसतं, ते बघून हवा सोडायची नाही. आणि एसी सतत आतलीच हवा फिरवण्यावर ठेवला, तर बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ड्रायव्हरला पेंग येते. अधूनमधून बाहेरची हवा आत घ्या. आई याला "जरा काच खाली कर" म्हणते, सायन्स तेच.

दुसरी गोष्ट उंची. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हैसूर साडेसातशे मीटरच्या आसपास, तंजावर शंभराच्याही खाली. म्हणून म्हैसूरला आम्ही दोन रात्री काढल्या, त्यातली एक रविवारची. रविवारी संध्याकाळी राजवाड्यावर जवळपास लाखभर दिवे लागतात. आत्ताचा राजवाडा १९१२ मध्ये पूर्ण झाला. आधीचा लाकडी होता, तो १८९७ मध्ये जळाला. बेंगळुरू मुद्दाम वगळलं. तिथलं ट्रॅफिक ऑफिसच्या खर्चाने बघून झालंय.

म्हैसूरहून सत्यमंगलमच्या जंगलातून दिंबम घाट उतरलो. २७ हेअरपिन वळणं, आणि रात्री हा रस्ता बंद असतो, त्यामुळे वेळ सांभाळा. खाली उतरताच काच उघडली तर अंगावर वाफ. तमिळनाडूत घामट उकाडा आहे, घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. नुसतं पाणी पुरत नाही. ओआरएसची पाकिटं हाताशी ठेवा.

तंजावरचं बृहदीश्वर मंदिर राजराजा चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलं. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, साठ मीटरहून उंच. चपला बाहेर काढायच्या आणि मोकळं दगडी आवार ओलांडायचं, तेव्हा जाड मोजे न्या आणि सकाळीच जा. तसंही दक्षिणेतली बरीच मोठी देवळं दुपारी बंद असतात. याच आवारात १८०३ साली सरफोजीराजे दुसरे यांनी भोसले घराण्याचा इतिहास भिंतीवर कोरून घेतला, चक्क मराठीत! शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी इथे राज्य करायला आले, त्या शाखेचा हा इतिहास. बाबा तिथे इतका वेळ उभे राहिले, की पाण्याची बाटली हातात द्यावी लागली.

भर दुपारी मग सरस्वती महाल ग्रंथालय. डोक्यावर छप्पर, आणि संग्रहात मराठी हस्तलिखितं, मोडी कागदपत्रं. सुट्टीचा वार आधी बघून घ्या. बाबांनी आता मोडी शिकायला घेतलीये, पण तो वेगळा एपिसोड.