मिझुकीनं तोंड का उघडलं?

या आठवड्यात ‘नारुतो’तला झाबुझा येणार होता. धुक्यातून, ती माणसाएवढी तलवार घेऊन. पण गेल्या लेखानंतर एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि झाबुझाला आठवडाभर बाहेर थांबवावं लागतंय. बाई विचारतात, ‘मिझुकीला गुप्त तंत्रांची गुंडाळीच हवी होती ना? मग नारुतोला ते कोल्ह्याचं गुपित सांगायची गरज काय होती? गोड बोलून गुंडाळी काढून घ्यायची, मोकळं व्हायचं. लेखकाला माहिती पुरवायची होती म्हणून त्यानं खलनायकाला बोलतं केलं, एवढंच ना?’

एवढंच नाही. आणि मिझुकी हा माझा जुना आवडता विषय असल्यामुळे आजचा सगळा लेख त्याच्या नावावर.

‘नारुतो’ मंगाचं पहिलं प्रकरण 1999 सालचं, ऍनिमेचा पहिला भाग ऑक्टोबर 2002 मधला. मासाशी किशिमोतोनं मंगात मिझुकीची गोष्ट पहिल्याच प्रकरणात सुरू केली आणि तिथंच मिटवली. पुढे मालिका 700 प्रकरणांपर्यंत गेली, देवांच्या तोडीचे शत्रू आले, गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली. या रांगेत मिझुकी कुठेच बसत नाही. शाळेतला एक दुय्यम मास्तर, बारा वर्षांच्या पोराच्या हातून मार खाऊन आडवा झालेला. पण त्या पोराला नायक करण्यात त्याचा जेवढा हात आहे, तेवढा पुढच्या फार थोड्यांचा असेल.

परीक्षेचा प्रसंग पुन्हा बघा. नारुतोला स्वतःची प्रतिरूपं उभी करायची आहेत. बाकीची मुलं तीन-तीन करतात. याचं एकच होतं, तेही जमिनीवर जीभ काढून पडलेलं. टेबलामागे वर्गाचा मास्तर इरुका आणि मिझुकी शेजारी शेजारी बसलेत. मिझुकी म्हणतो, पोराची अंगमेहनत चांगली आहे, काहीतरी तर करून दाखवलंय, करू या की पास. इरुका ठाम नकार देतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला मिझुकी सज्जन वाटतो आणि इरुका खडूस. पुढच्या काही मिनिटांत ही समजूत उलटी होते, आणि त्यासाठी एकही जादाचा प्रसंग खर्च झालेला नाही. ज्याला पोराबद्दल काहीच वाटत नाही, त्याला गुण वाटायला काय जातंय?

आता बाईंच्या प्रश्नाकडे. मिझुकीचा मूळ बेत गोड बोलण्याचाच होता. होकागेंच्या, म्हणजे गावाच्या प्रमुखांच्या, घरातून गुंडाळी आण, तिच्यातलं एक तंत्र शीक, म्हणजे पास होशील, असं सांगून त्यानं पोराला कामाला लावलं. बेत बिघडला तो इरुका जंगलात आधी पोहोचल्यामुळे. काहीही झालं तरी गुंडाळी याच्या हाती देऊ नकोस, असं इरुका नारुतोला ओरडून सांगतो. त्या क्षणी मिझुकीची साखर संपते. आता पोराचा इरुकावरचा विश्वास तोडल्याशिवाय गुंडाळी मिळणार नाही. त्यासाठी खोटं रचायची गरजच नाही, कारण त्याच्याजवळ खरंच पुरेसं भयंकर आहे. बारा वर्षांपूर्वी गावावर चालून आलेला नऊ शेपट्यांचा कोल्हा तुझ्यातच बंद आहे. इरुकाचे आईबाप त्यानंच मारले. म्हणून सगळं गाव तुझा तिरस्कार करतं, आणि हा तुझा लाडका मास्तरसुद्धा.

म्हणजे बाई, तोंड उघडणं हाच तिथं डावपेच होता.

यातली खोच अशी की हे गुपित गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक होतं. तिसऱ्या होकागेंनी त्याबद्दल बोलायला बंदी घातली होती. हेतू चांगला होता, पोराला निदान सोबत्यांमध्ये तरी नीट वाढता यावं. पण आईबापांच्या नजरा बघून मुलं काय शिकायचं ते शिकलीच, आणि नारुतो तेवढा ‘माझं काय चुकलं’ या प्रश्नासह एकटा राहिला. चांगली माणसं नियम पाळत गप्प बसली. नियम मोडला तो फितुरानं. होकागेंबद्दल मला आदर आहे, पण या एका बाबतीत म्हाताऱ्याचा हिशेब चुकला असं माझं पक्कं मत आहे.

अर्थात मिझुकीचं खरं अर्धंच आहे. तू म्हणजेच तो कोल्हा, असं तो म्हणतो. उरलेलं अर्धं इरुका पुरं करतो, आधी पाठीवर ते प्रचंड फूमा शुरिकेन झेलून आणि मग शब्दांनी. नारुतो झाडाआड लपून ऐकतोय हे दोघांनाही ठाऊक नाही. मिझुकी म्हणतो, तो माझ्यासारखाच आहे, गुंडाळीतली ताकद स्वतःसाठी वापरणारा. इरुका म्हणतो, कोल्हा असता तर तसंच झालं असतं, पण हा कोल्हा नाही, हा माझा विद्यार्थी आहे. आपल्याबद्दलचं सर्वांत वाईट आणि सर्वांत चांगलं मत त्या पोराच्या कानावर एकाच रात्री पडतं. मिझुकीनं पहिलं उच्चारलं नसतं, तर इरुकालाही दुसरं म्हणायची वेळ आली नसती.

आणि ते तंत्र! परीक्षेतल्या साध्या बुनशिनमधलं प्रतिरूप पोकळ असतं, नुसता देखावा. ताकद थोडी लागते, ताबा मात्र नेमका हवा, आणि नारुतोचं गणित बरोबर उलटं. गुंडाळीतल्या कागे बुनशिनमध्ये प्रत्येक प्रतिरूप खरं असतं आणि मूळ माणसाचा चक्रा, म्हणजे आतली ऊर्जा, सगळ्यांत वाटला जातो. साधा निन्जा त्यात रिकामा होऊन पडेल. कोल्हा पोटात घेऊन फिरणाऱ्या पोराला मात्र ते अंगाबरोबर शिवल्यासारखं बसतं. ज्या विषयात तो दिवसा नापास झाला, त्याच विषयानं रात्री जंगल नारुतोंनी भरून जातं. पुढची सगळी मालिका तो याच तंत्रावर लढतो, शिकतोही त्यावरच. शाळेनं जे दिलं नाही ते फसवणाऱ्यानं दिलं, तेही फुकट.

मिझुकी एकटा नाही, ही ‘शोनेन जंप’ साप्ताहिकाची जुनी रीत आहे. तिथं वाचकांच्या कौलावर मालिका तगते, त्यामुळे पहिल्याच प्रकरणात नायक उभा करावा लागतो आणि त्याला ढकलणारा खलनायक तिथंच मोडीतही काढावा लागतो. 1997 साली ‘वन पीस’च्या पहिल्या प्रकरणात हिगुमा नावाचा डोंगरी दरोडेखोर येतो. छप्पन्न जणांना मारल्याची फुशारकी, डोक्यावर 80 लाख बेरींचं बक्षीस. छोट्या नायकाला, लुफीला, समुद्रात घेऊन जातो आणि स्वतःच सागरी राक्षसाच्या पोटात जातो. पण लुफीला वाचवताना चाचा शँक्सचा डावा हात जातो, आणि निघताना तो आपली गवती टोपी पोराच्या डोक्यावर ठेवतो. ‘नारुतो’त इरुकाची पाठ फाटते, आणि शेवटी तो आपली कपाळपट्टी नारुतोला बांधतो. रामेनच्या दुकानात तीच पट्टी मागितल्यावर त्यानं नाही म्हटलं होतं. दोन्हीकडे मोठा माणूस जखमी होतो, पोराच्या डोक्यावर काहीतरी चढतं, आणि मध्ये एक फडतूस खलनायक असतो ज्याची नंतर कुणाला आठवण राहत नाही. 2014 मध्ये सुरू झालेल्या ‘माय हीरो अकॅडेमिया’त हेच काम तो चिखलाचा राक्षस करतो. वर्गातल्या बाकुगोला त्यानं गिळायला घेतलं नसतं, तर नायक देकूचे पाय आपोआप धावले नसते आणि सर्वांत मोठ्या हीरोला, ऑल माइटलाही त्याच्यातलं काही दिसलं नसतं.

एका गोष्टीवरून मात्र मी ऍनिमेवाल्यांवर नाराज आहे. मंगाच्या पुढे जाऊ नये म्हणून त्यांनी भरीचे भाग काढले, तेव्हा 142 ते 147 या भागांत मिझुकीला तुरुंगातून बाहेर आणलं. त्याला मालिकेतल्या मोठ्या खलनायकाशी, ओरोचिमारूशी, जोडलं, होणारी बायको दिली, भूतकाळ दिला, शेवटी वाघासारखं रूपही दिलं. सगळं अनाठायी. मिझुकीची ताकद त्याच्या क्षुद्रपणात होती. गावातला कुणीही मिझुकी होऊ शकला असता, म्हणून तो बोचतो. त्याला राक्षस करून टाकलं की गाव सुटतं. हे सहा भाग न पाहिलेले बरे.

झाबुझा पुढच्या आठवड्यात, आता नक्की. 6 ते 19 हे भाग पाहून ठेवा. झाबुझाच्या पाण्याच्या कोठडीतून आपला नवा मास्तर काकाशीला सोडवण्यासाठी नारुतो कशाचं रूप घेतो ते नीट बघा. ते मिझुकीच्या हातातलंच हत्यार आहे.