बॉम जीझस चर्च

मुलांनो, जुन्या गोव्यातील बॉम जीझस हे चर्च १६०५ साली बांधून झाले. संत फ्रान्सिस झेवियर यांची कबर येथे आहे. १५५२ साली चीनजवळच्या एका बेटावर ते वारले. पुढे नुसती हाडे नेता यावीत म्हणून शवपेटीत चुना भरला होता. पण पेटी उघडली तेव्हा शव जसेच्या तसे होते, असे सांगतात. १५५४ साली ते गोव्यात आणले.

कबरीचा संगमरवरी चौथरा इटलीहून आला. त्यावरची चांदीची पेटी मात्र गोव्याच्याच कारागिरांनी घडवली. मला तीच अधिक आवडते! ती उंचावर असल्यामुळे मान वर करून पाहावी लागते. दर दहा वर्षांनी शव खाली उतरवून जवळच्या से कॅथेड्रलमध्ये दर्शनासाठी ठेवतात. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेले दर्शन ५ जानेवारी २०२५ पर्यंत चालले. या रांगेत सर्व धर्मांचे लोक असतात.