वृद्धनिवासातील प्राणिसहवास : एक विचार

वार्धक्यातील वातप्रधान विकारांत आपण स्नेहन, बृंहण, रसायन यांची योजना करतो. परंतु वृद्धनिवासात राहणाऱ्या रुग्णाचा एकाकीपणा कोणत्या कल्पाने दूर व्हावा? रोग वाढविणाऱ्या भावांत चरकाचार्यांनी विषादाला अग्रस्थान दिले आहे. त्या दृष्टीने अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, न्यू बर्लिन येथील चेस मेमोरियल नर्सिंग होममध्ये १९९१ साली सुरू झालेला प्रयोग आम्हांस चिंतनीय वाटतो.

तेथील डॉ. विल्यम थॉमस यांनी सुमारे ८० वृद्धांच्या सहवासासाठी दोन कुत्री, चार मांजरे आणि तब्बल शंभर छोटे पोपट आणविले. पिंजरे वेळेवर न आल्याने पक्षी प्रथम एका खोलीतच मोकळे सोडावे लागले! पुढे वृद्धांनी त्यांना नावे ठेवली, त्यांच्या दाणापाण्याची काळजी वाहिली. दोन वर्षे जवळच्या दुसऱ्या वृद्धनिवासाशी तुलना करता येथील दरडोई औषधयोजना निम्म्यावर, औषधखर्च ३८ टक्क्यांवर आला, तर मृत्यूंचे प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. चित्तक्षोभ शमविणारी औषधे विशेषत्वाने कमी झाली. (औषधविक्रेत्या बंधूंना हे वृत्त फारसे रुचणार नाही!) तथापि त्याच सुमारास तेथे झाडे, बाग व मुलांची ये-जाही सुरू झाली होती; त्यामुळे सर्व श्रेय प्राण्यांना देणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही.

बँक्स व बँक्स यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४५ वृद्धांचे तीन गट होते. सहा आठवडे ज्यांना आठवड्यातून एकदा वा तीनदा अर्धा तास कुत्र्याचा सहवास लाभला, त्यांचा एकाकीपणा घटला. मात्र या व्यक्तींना पूर्वायुष्यात प्राण्यांचा लळा होता, ही बाब वैद्याने दुर्लक्षू नये. आमच्या मते हा ओकसात्म्याचाच विषय होय. ज्याला जन्मभर कुत्र्याचे भय वाटले, त्याच्या खाटेशी कुत्रा बांधणे हे असात्म्यच.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात रुग्णगृही लाव, ससा, हरिण ठेवण्यास सांगितले आहे, म्हणून ही चिकित्सा मूळची आपलीच, असा दावा कोणी करील. तो आम्हांस मान्य नाही. ते प्राणी प्रायः मांसरसासाठी होत. परंतु तेथेच दुभत्या गाईचे वर्णन पाहावे : शांत स्वभावाची, निरोगी, वासरू जिवंत असलेली, चारा, निवारा व पाणी यांची चोख व्यवस्था असलेली. प्राणी कसा निवडावा व कसा राखावा, याचे याहून नेमके लक्षण आम्हांस अन्यत्र आढळले नाही.

व्यवहारात कुत्र्यामांजरांचे रेबीज लसीकरण व जंतनिर्मूलन अनिवार्य समजावे. वृद्धांची त्वचा पातळ असते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यास साधा नखओरखडाही त्रासदायक ठरतो. श्वासरोग्यास केस व पिसे वर्ज्य. पायांत घोटाळणाऱ्या प्राण्यामुळे वृद्ध पडण्याचा संभव असतो. आपल्याकडील देशी पोपट पाळण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मनाई आहे, हेही संस्थाचालकांच्या कानी घालावे. प्राणी आणण्यापूर्वी प्रश्नपरीक्षेत एक प्रश्न अवश्य वाढवावा : "आजोबा, तुमच्या घरी कोणते जनावर होते?" ग्रामीण भागातील वृद्ध बहुधा बैलाचे नाव सांगतील, अशांना मांजरापेक्षा जवळच्या गोठ्यातील फेरी अधिक मानवेल.