‘अगदी असाच सामना’ : साम्य, अनुमान आणि पैज

आजचा विषय अनुमान. पण सुरुवात पोथीतून नको, एका वहीतून करू.

मुळशीत आमच्या शेजारच्या वाडीतला एक तरुण मध्यंतरी घरी आला. घरची थोडी जमीन विकली गेली होती. त्यातले काही पैसे त्याच्या हाती आले, आणि फोनवरून फुटबॉलच्या पैजांवर लावता लावता त्यातले बरेच गेले. हातात दोनशे पानी वही. म्हणाला, “सर, तुम्ही तर्कशास्त्र शिकवलंत. माझं कुठे चुकतंय तेवढं सांगा.”

त्याची पद्धत सोपी होती. उद्याच्या सामन्यासारखे जुने सामने शोधायचे, त्यांचे स्कोअर मांडायचे, आणि जो स्कोअर जास्त वेळा आला त्यावर पैसे लावायचे.

मटक्याचे जुने चार्ट बघून आकडा काढणारे आपण पाहिलेत. पण याला त्यांच्यात बसवू नका. मटक्यात कालच्या आकड्याचा आजच्या आकड्याशी काही संबंधच नसतो. फुटबॉलमध्ये तो असतो. चांगला संघ पुढच्या आठवड्यातही साधारण चांगलाच असतो. म्हणून इथली चूक बारीक आहे.

आपल्या जवळचंच उदाहरण घेऊ. बालेवाडीला एफसी पुणे सिटीचे सामने व्हायचे. डिसेंबर 2017 मध्ये बेंगळुरू एफसीने तिथे पुण्याला 3-1 हरवलं. मार्च 2018 मध्ये उपांत्य फेरीचा पहिला सामना आला. तेच मैदान, तेच संघ, तोच हंगाम. याहून सारखा सामना कुठला मिळणार? निकाल लागला 0-0. मग दुसरा सामना बेंगळुरूत. तिथे फेब्रुवारीत 1-1 झालं होतं. आता बेंगळुरू 3-1 ने जिंकलं.

असं का? डिसेंबरच्या सामन्यात पुण्याच्या एका खेळाडूला लाल कार्ड मिळालं होतं आणि उरलेला वेळ पुणे दहा जणांनी खेळलं. वहीत ‘1-3’ एवढंच लिहिलेलं राहतं, लाल कार्ड राहत नाही.

आपल्या नैयायिकांनी याला नाव दिलंय : उपाधी. धूर दिसला तर अग्नी आहे, हे बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असं नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं. ते ओलं सरपण म्हणजे उपाधी. ती नजरेआड झाली की अनुमान फसतं.

तुम्ही म्हणाल, मग लाल कार्डही वहीत लिहू. पाऊस, दुखापती, प्रशिक्षक, सगळं लिहू. जरूर लिहा. पण जितक्या अटी वाढवाल तितके ‘सारखे’ सामने कमी होतील, आणि शेवटी एकही उरणार नाही. अटी सैल केल्या तर सामने शेकड्याने मिळतील, पण ते सारखे नसतील. एकच घटना अनेक वर्गांत बसते आणि वर्ग बदलला की संभाव्यता बदलते, ही अडचण जॉन व्हेन यांनी 1866 मध्येच मांडली होती. म्हणजे साम्य सामन्यात ठेवलेलं नसतं, ते आपण निवडतो. आणि पैसे लावलेला माणूस आपल्याला हवं तेच साम्य निवडतो.

आता समजा, निवड अगदी अचूक झाली. एका संघाचे सरासरी 1.4 गोल, दुसऱ्याचे 1.1. नेहमीच्या पॉयसाँ गणिताने सर्वांत संभाव्य स्कोअर येतो 1-1. त्याची शक्यता किती? सुमारे 13 टक्के. सर्वांत चांगलं उत्तरसुद्धा आठातून सात वेळा चुकणार!

आणि भाव लावणाराही तेच जुने सामने बघतो, तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त. समजा अडीच गोलांच्या वर की खाली, दोन्हींना भाव 1.90. शंभर-शंभराच्या शंभर पैजा लावल्या, निम्म्या जिंकल्या : 10,000 घालून 9,500 हातात. मुद्दल सुटायलाच शंभरातल्या 53 जिंकायला हव्यात. अंदाज खरा असणं वेगळं आणि त्यातून पैसा मिळणं वेगळं. शिवाय पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने 2025 मध्ये केलाय, हेही त्याला सांगितलं.

त्याने विचारलं, “मग वही जाळून टाकू?”

म्हटलं, “नको रे. पैसे थांबव, वही चालू ठेव. प्रत्येक सामन्याआधी अंदाज लिही, आणि पुढे लिही, काय कळलं तर हा अंदाज मी बदलेन.”

परवा तो पुन्हा आला होता. वहीचा उजवा रकाना भरला होता, डाव्यात खाडाखोड होती. म्हणाला, “सर, लिहायला बसलं की लावावंसं वाटत नाही.” गेलेले पैसे काही परत आले नाहीत. ते त्याने अजून घरी सांगितलेलं नाही, आणि ते काम माझं तर्कशास्त्र करू शकत नाही.

थांबतो इथे. प्रश्न असतील तर जरूर विचारा.